मुरगळलेला घोटा आणि सपाट वाट

शास्त्रपाठ : इब्री १२:१२-१३, स्तोत्र १८:३६



चेन्नईच्या नंदनम भागात वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे आवार आहे. हॅरी क्रो बक ह्या अमेरिकन शिक्षकाने १९२० साली, शहराचे नाव मद्रास असताना, ही संस्था स्थापन केली. १९२४ साली पॅरिस ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय पथकाचे व्यवस्थापकही तेच होते. बास्केटबॉल ह्या खेळाशी वायएमसीएचे नाते तर जन्माचेच आहे. त्याचे जनक जेम्स नेस्मिथ ईश्वरविज्ञानाचे पदवीधर. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षणशाळेत त्यांनी पीचच्या दोन टोपल्या उंचावर टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. चेंडू हाती घेऊन धावण्यास त्यांनी मनाई केली, कारण अंगावर धावून जाण्याची दांडगाई त्यांना टाळायची होती. ती बरीचशी टळली. परंतु लक्ष्य डोक्याच्या वर नेल्यामुळे खेळाडूला उडी मारणे भाग पडले, आणि उडी मारणाऱ्याला खाली यावेच लागते. खाली येताना पाऊल दुसऱ्याच्या पावलावर पडते, आतल्या बाजूस वळते, आणि घोटा मुरगळतो. ह्या खेळातील ही सर्वांत नित्याची दुखापत होय.

समजा, चेन्नईच्या एखाद्या महाविद्यालयातील अग्रगण्य खेळाडूचा घोटा आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आठ दिवस आधी असा मुरगळला. मुलगा लहान गावातून आलेला, खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागेवर प्रवेश मिळालेला, शुल्कात सवलत आणि वसतिगृहात खोली मिळालेला. संध्याकाळपर्यंत त्याच्या खोलीत दहा जण येऊन जातात आणि दहाही जण एकच प्रश्न विचारतात, "खेळशील ना?" घोट्याच्या आत काय झाले आहे, हे मात्र त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसते.

घोट्याच्या बाहेरील अंगास तीन अस्थिबंध आहेत. त्यांनाच आपण लिगामेंट म्हणतो. पाऊल आत वळले की बहुधा पुढचा बंध प्रथम ताणला जातो किंवा तुटतो. जोर अधिक असल्यास त्याच्या खालचाही. सौम्य दुखापत एक-दोन आठवड्यांत आवरते, परंतु बंध पूर्ण तुटल्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. हाड मोडले आहे की नाही, हे सुजेवरून ओळखता येत नाही. त्यासाठी १९९२ साली कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली, जी आज जगभर वापरली जाते. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांचे टोक किंवा मागील कड दाबल्यावर दुखत असेल, अथवा दुखापत होताच आणि नंतर तपासणीच्या वेळीही रुग्णाला चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. आपल्याकडे ह्याऐवजी गरम तेलाने चोळण्याची घाई होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळल्याने सूज वाढते. चेन्नईत पुत्तूर-कट्टू ह्या पारंपरिक पट्टीवर अनेकांचा भरवसा आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ह्या विद्येची थट्टा मी करणार नाही. माझी हरकत एवढीच की, आत काय मोडले आहे हे पाहण्याआधी वरून काहीही बांधू नये.

येथे मला २००० सालातील दोन अमेरिकन खेळाडू आठवतात. केन्यन मार्टिन हा सिनसिनाटी विद्यापीठाचा, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू. राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली असताना, मार्चमध्ये, एका सामन्याच्या आरंभीच त्याच्या पायाचे हाड मोडले. देशात पहिल्या क्रमांकावर असलेला त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत हरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ग्रँट हिल ह्याचा डावा घोटा दुखावला. हिल हा ड्यूक विद्यापीठाकडून १९९१ आणि १९९२ ची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवलेला, आणि आता डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघाचा आधारस्तंभ. बाद फेरीचे सामने आठवड्यावर आले होते. दुखापत सहन करण्याजोगी वाटली आणि तो दुखऱ्या पायाने उतरला. दुसऱ्या सामन्यात त्याला मैदान सोडावे लागले. घोट्याचे हाड मोडल्याचे निदान झाले.

पुढे काय घडले? मार्टिनला खेळण्याचा मोह होण्याची सोयच नव्हती. त्याला झोपून राहावे लागले. जून महिन्यात व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचेच नाव पहिले पुकारले गेले, आणि तो २०१५ पर्यंत खेळला. हिल ऑर्लंडो संघात गेला. तेथे पहिल्या चार हंगामांत मिळून तो केवळ ४७ सामने खेळू शकला. एका हंगामात तीनशेहून नव्हे, ब्याऐंशी सामने असतात, म्हणजे चार हंगामांचे ३२८, हे लक्षात घ्यावे. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या. २००३ साली त्यांपैकी एकीनंतर जंतुसंसर्ग होऊन त्याच्या जिवावरच बेतले. दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. तरीही मोडलेले हाड माणसाला सक्तीने विश्रांती देते आणि अर्धवट दुखावलेला घोटा त्याला स्वतःची फसवणूक करू देतो, एवढे त्यांतून दिसते.

ह्या फसवणुकीत आपण प्रेक्षकही सहभागी असतो. ३१ जानेवारी १९९९ रोजी ह्याच चेन्नईत, चेपॉकच्या मैदानावर, सचिन तेंडुलकर पाठीच्या तीव्र वेदनेत १३६ धावांपर्यंत खेळत राहिला आणि भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी हरला. ती खेळी आठवून आजही मराठी माणसाचा कंठ दाटून येतो. माझाही येतो. परंतु सचिनने तो निर्णय परिपक्व वयात, वैद्यकीय मदत हाताशी असताना घेतला. तीच कथा एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच्या खाटेशी बसून सांगणे, हे मला योग्य वाटत नाही. आपण धैर्य म्हणतो ते त्याच्या बाबतीत पुष्कळदा जागा आणि खोली गमावण्याचे भय असते.

आता शास्त्रपाठाकडे वळू. इब्री लोकांस पत्राचा लेखक बाराव्या अध्यायाच्या प्रारंभी शर्यतीचे चित्र उभे करतो. आपण सहज अपेक्षा करतो की तो पुढे म्हणेल, 'लंगडत का होईना, धावा.' तो तसे म्हणत नाही. तेराव्या वचनात तो वाटा सरळ, सपाट करण्यास सांगतो, आणि हेतू देतो तो लंगड्या अवयवाचा. येथील ग्रीक क्रियापद 'एक्त्रेपो' भाषांतरकाराला अडवून धरते. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत त्याचा अर्थ 'वाट सोडून भलतीकडे वळणे' असा आहे. ग्रीक वैद्यकीय लेखनात मात्र हेच क्रियापद सांधा निखळण्यासाठी येते. येथे लगेच पुढे 'बरे होणे' हा शब्द असल्यामुळे मला वैद्यकीय अर्थच अधिक जुळतो असे वाटते: जे आधीच लंगडे आहे, ते खडबडीत वाटेवर निखळून जाऊ नये. आणखी एक गोष्ट मराठीत सहज निसटते. 'करा' ही आज्ञा येथे आदरार्थी नसून अनेकवचनी आहे. वाट सपाट करण्याचे काम लंगडणाऱ्या एकट्यावर टाकलेले नाही. ते सगळ्या मंडळीचे आहे.

स्तोत्र १८:३६ मध्येही असेच आहे. तेथील 'कर्सोल' हा इब्री शब्द घोट्यासाठी असून तो जुन्या करारात केवळ ह्याच गीतात, म्हणजे येथे आणि २ शमुवेल २२:३७ मध्ये, आढळतो. अनेक भाषांतरांत त्याचा नुसता 'पाय' झाला आहे, त्यामुळे चित्र पुसट होते. दावीद घोटे बळकट झाल्याबद्दल उपकार मानत नाही. पायांखालची जागा रुंद झाली, म्हणून घोटे डळमळले नाहीत, असे तो सांगतो.

मग त्या मुलाच्या वसतिगृहात वाट सपाट करणे म्हणजे काय? खेळावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडे नसावा, आणि मुलाकडेही नसावा. ज्याला त्या स्पर्धेतून काही मिळवायचे नाही अशा डॉक्टरकडे असावा. प्राचार्यांनी स्वतः खोलीवर जाऊन सांगावे की शुल्काची सवलत आणि खोली ह्या वर्षी हलणार नाही. हे वाक्य बर्फाच्या पिशवीइतकेच सूज उतरवते. वेदनाशामक इंजेक्शन देऊन मैदानात उतरवू नये, कारण वेदना ही त्या सांध्याची राखणदार आहे. बाकावर बसलेल्या मुलाकडे संघाने पाठ फिरवू नये. एवढे केल्यावर संघ हरलाच, तर हरू द्यावा.

वेदना थांबली म्हणजे घोटा बरा झाला, असेही नाही. बंधांबरोबर सांध्याची जाणीवही दुखावते. पाऊल कसे पडते आहे हे मेंदूला वेळेवर कळत नाही. म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका मोठा असतो. त्यावरचा उपाय साधा आहे. पायावर भार पेलू लागला की डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या एकाच पायावर उभे राहावे, प्रथम डोळे उघडे ठेवून, मग मिटून. आणि हा सराव काही आठवडे नेमाने चालवावा. वसतिगृहाच्या गच्चीवर, समुद्राकडून वारा सुटल्यावर, तो विनामूल्य करता येतो. फक्त तोल गेल्यास धरायला आणि सेकंद मोजायला रोज कोणीतरी शेजारी उभे राहावे लागते.