कासव घेण्याआधी

कशेडी,
श्रावण

चि. सोहम यास,


काल तुझ्या बाबाचा फोन आला. वाढदिवसाला तुला कासव घ्यायचं ठरतंय. लहान असतं, कटकट नसते, पहिल्यांदा पाळायला तेच बरं, असं दुकानदार म्हणाला म्हणे. मी फोनवर गप्प राहिले. आपल्या घरात झालेलं एक तुला कधी सांगितलं नव्हतं, ते आता लिहिते.

आमचा निखिल सहावीत असताना मीच त्याला मुंबईहून असलं कासव आणून दिलं होतं. दोन रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार, डोळ्यामागे तांबडी रेघ. काचेच्या बरणीत ठेवलं, सोबत प्लॅस्टिकचा माड. पावसाळा लागला. इथला पाऊस तुला ठाऊक आहे, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. भाद्रपदात बरणी धुताना त्याला उचललं तर पाठ बोटाखाली दबली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. डोळे सुजून मिटलेले. चार दिवसांनी गेलं.

त्याला अंगावर थेट ऊन लागतं, काचेतून आलेलं चालत नाही, हे मला नंतर कळलं. उन्हावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. नीट सांभाळलं तर ते वीस-तीस वर्षं जगतं आणि जवळजवळ फूटभर वाढतं. त्याला मी बरणीत ठेवलं होतं.

मला सलतं ते वेगळंच. त्याच पावसात एकदा गाईला पेंढा टाकायचा राहिला, तर तिने हंबरून अख्खी वाडी उठवली. कासव तीन महिने खंगत होतं आणि हूं की चूं केलं नाही. ‘कटकट नसते’ म्हणतात ते हेच. हॅमस्टर घे, बरणीतला फायटर मासा घे, त्यांचंही तसंच. ज्याचं दुखणं ओळखायला जाणता माणूस लागतो, तेच नेमकं नवख्या पोराच्या हाती देतात.

असलं कासव मोठं झालं की लोक ते नदीत सोडतात आणि पुण्य लागलं समजतात. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीकडचं. आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा बळकावतं. आपल्या सावित्री नदीत तसलं एकही नको. आणि पाठीवर चांदण्या असलेलं कोणी दाखवलं तर घ्यायचंच नाही. ते आपल्याच देशातलं रानकासव, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. पोपटालासुद्धा, बरं का.

कासव बघायचंय ना? हीच सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, तिथून जवळच वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी राखली. फाल्गुन-चैत्रात पिल्लं निघतात आणि वाळूवरून खुरडत आपली आपण लाटेपर्यंत जातात. वाढदिवसाचे पैसे त्यासाठी ठेव. परीक्षा कधी संपते ते कळव, म्हणजे तिथे कुणाच्या घरी उतरायची सोय होते का ते विचारून ठेवते.

तुझी
आत्या