पट्टीची भोकं बुजवू नकोस

कुर्ला, मुंबई

चि. सागर,

तू पाठवलेले फियाट ११००चे फोटो पाहिले. डाव्या फेंडरचा पोचा छान काढलास. पत्र्यावर हात बसू लागलाय तुझा. पण क्रोम पट्टीची भोकं आता पुट्टीनं बुजवून रंगानंतर पुन्हा पाडीन म्हणतोस, ते मला पटलं नाही.

ही गाडी इथंच, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची. पुढे तीच पद्मिनी झाली. तिचं उत्पादन थांबूनही वीसहून जास्त वर्षं उलटली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सीही गेली. तेव्हा पट्टी वाकली तर चोरबाजार नाहीतर भंगारवाला, दुसरं दार नाही. पट्टी आहे तशीच वापरायची, म्हणून जुळवून घ्यायचं ते पत्र्यानं. फेंडरवरची पट्टी पुढे दारांवर सरळ एका रेषेत जायला हवी. एक भोक दोन मिलिमीटर खाली आलं, तरी रंग कितीही चकचकीत असो, बघणाऱ्याची नजर तिथंच अडकते.

म्हणून आधी नकाशा काढ. पत्र्यावर जाड कागद ताणून चिकटव, दाराची कड आणि पत्र्याची घडी त्यावर आखून घे, मग भोकांच्या खुणा कर. गोल कुठलं, लांबट कुठलं, तेही लिही. डाव्या बाजूचा कागद उलटा करून उजव्या बाजूला डोळे झाकून वापरू नकोस. इतक्या वर्षांत गाडी कुठं कुठं ठोकली गेली असेल, कोण जाणे. दोन्ही बाजू वेगळ्या मोज.

जुन्या कारागिरानं आधीच बुजवलेली भोकं शोधायची असतील तर आतून बॅटरी मार. भोकातून आत आलेल्या पुट्टीच्या गुठळ्या दिसतात. मात्र दिसलेलं प्रत्येक भोक कारखान्याचं नसतं. कुणी आरसा लावलेला असतो, कुणी अँटेना. पट्टी धरून पाहा, मालकाला विचार, मगच एखादं बंद कर.

पुट्टी लावताना प्रत्येक भोकात ग्रीस लावलेला स्क्रू अडकव आणि पुट्टी पुरती कडक व्हायच्या आत तो फिरवून काढ. भोकाभोवती थर पातळच ठेव. पट्टीची क्लिप जेमतेम मिलिमीटरभर पत्र्याला धरण्यासाठी बनवलेली असते. तिथं तीन मिलिमीटर पुट्टी चढली की तिला पकडच मिळत नाही. मग पोरं पट्टी डबल टेपनं चिकटवतात आणि एका पावसाळ्यात ती लोंबायला लागते. पोचा जास्त असेल तर पुट्टी वाढवू नकोस, हातोडी-डॉलीनं पत्राच वर आण.

गंजून रुंदावलेलं भोक असेल तर मागे तांब्याची पट्टी धर. वेल्डिंग तांब्याला चिकटत नाही. छोटे छोटे टाके मारून भोक भरून काढ, मध्ये पत्रा निवू दे, नाहीतर तो तापून लाटा धरतो. मग कागद लावून आधी बारीक बिटनं, नंतर मापाच्या बिटनं भोक पाड.

हे सगळं प्रायमरच्या आधी. त्याच वेळी सगळ्या पट्ट्या एकदा बसवून बघ, चार पावलं मागं जाऊन रेषा पाहा आणि काढून ठेव. रंगानंतर ड्रिल चालवलं तर कडेचा रंग उडतो, लोखंडाचा कीस दाराच्या पोकळीत पडतो आणि तिथंच गंज धरतो. भोकाच्या उघड्या कडेला ब्रशनं प्रायमर लाव, रंग वाळल्यावर आत साचलेला थर हातानंच साफ कर आणि क्लिप बसवताना सीलंट विसरू नकोस. पाणी आत शिरतं ते याच वाटेनं.

या कामाचे पैसे मालक आपणहून वेगळे देणार नाही, कारण पट्टीखालचं भोक त्याला कधी दिसणार नाही. तरी बिलात एक दिवस जास्तीचा धर आणि कशासाठी ते त्याला सांग. ज्याला जुनी गाडी ठेवायची आहे तो ऐकतो. ज्याला नुसती चमक हवी आहे, त्याचं काम नाकारलंस तरी मी काही बोलणार नाही.

प्रायमर मारण्याआधी पट्ट्या लावलेल्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा