गेलेली पत

(माणसाची पत म्हणजे त्याच्या व्यवहारावर असलेला लोकांचा विश्वास. हा विश्वास गमावला तर तो पुन्हा कसा मिळवावा, हे या पाठात सांगितले आहे.)

पूर्वी किराणा दुकानदार उधारीच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते ठेवत असे. जो वेळेवर पैसे देई, त्याला तो पुन्हा आनंदाने माल देई. जो टाळाटाळ करी, त्याच्याकडे तो रोख पैसे मागे. आज ही वही फार मोठी झाली आहे. बँका आपल्या कर्जदारांची माहिती पतमाहिती कंपन्यांना देतात. भारतात अशा चार कंपन्या आहेत. त्यांपैकी सिबिलची स्थापना २००० साली झाली. कोणी किती कर्ज घेतले, हप्ता किती दिवस उशिरा भरला, हे सारे तिथे नोंदलेले असते. त्यावरून कर्जदाराला ३०० ते ९०० यांच्या दरम्यान गुण मिळतात. गुण जास्त, तर पत चांगली.

समजा, मालेगावातील एका यंत्रमागधारकाने सूत घेण्यासाठी कर्ज काढले. मंदी आली, माग बंद पडले आणि हप्ते थकले. पुढे धंदा सावरला. पण आता कोणतीही बँक त्याला कर्ज देईना. त्याने काय करावे?

प्रथम त्याने आपली नोंद वाचावी. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. कधी कधी फेडलेले कर्जही त्यात थकलेले दिसते. अशा चुकीची तक्रार करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

नंतर थकबाकी फेडावी. तडजोड करून कमी रक्कम भरली, तर कर्ज मिटते. पण नोंदीत तडजोडीचा शेरा राहतो. म्हणून शक्य असेल तर पूर्ण फेड करावी आणि बँकेकडून 'बाकी नाही' असा दाखला घ्यावा.

कर्ज फेडले तरी जुनी नोंद लगेच पुसली जात नाही. तिच्यापुढे चांगल्या नोंदी लिहाव्या लागतात. त्यासाठी बँकेत थोडी रक्कम मुदत ठेव म्हणून ठेवावी आणि तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्यावे. तारण असल्यामुळे असे कार्ड मिळणे सोपे असते. त्यावर गरजेपुरतीच खरेदी करावी आणि दर महिन्याला संपूर्ण बिल मुदतीत भरावे. एकाच वेळी अनेक बँकांकडे अर्ज करू नयेत. कारण अर्जांचीही नोंद होते.

"पैसे द्या, आठ दिवसांत गुण वाढवून देतो," असे सांगणारे लोक भेटतात. मुलांनो, त्यांच्या नादी लागू नका. खरी नोंद कोणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही. पत एका वाईट वर्षात जाते. ती परत मिळवायला अनेक महिन्यांचा नेमका व्यवहार लागतो.

शब्दार्थ
पत – साख
तारण – कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू किंवा रक्कम
थकबाकी – वेळेवर न भरलेली रक्कम
टाळाटाळ करणे – आज देतो, उद्या देतो असे म्हणत राहणे
नादी लागणे – एखाद्याच्या बोलण्याला भुलणे

लक्षात ठेवा : उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. या पाठात 'हप्ता' म्हणजे किस्त.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : दुकानदार कोणाला पुन्हा उधार माल देई?
२. तीन-चार वाक्यांत उत्तर लिहा : यंत्रमागधारकाने पूर्ण फेड करणे चांगले, असे का म्हटले आहे?
३. वाक्यात उपयोग करा : टाळाटाळ करणे, नादी लागणे.