पाहुण्याच्या हाती काय द्यावे?
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथीसाठी तीन तासांचा पाठ)



प्रवासाहून परतणाऱ्याने रिकाम्या हाताने घरी येऊ नये, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. पंढरीची वारी करून आलेला वारकरी चुरमुरे, लाह्या, बत्तासे, बुक्का, कुंकू, तुळशीची माळ असे काही ना काही बरोबर आणतो, आणि शेजारीपाजारी चिमूटभर का होईना, प्रसाद पोचता करतो. ज्याचे जाणे झाले नाही त्यालाही त्या चिमटीने वारीचा थोडा वाटा मिळतो. सोलापूरहून परतणाऱ्याच्या पिशवीत चादर असते आणि शेंगांची चटणी असते. अशी प्रत्येक वस्तू म्हणजे एका गावाने दुसऱ्या गावाला धाडलेला निरोपच होय.

हा निरोप वाचावयास मुलांना आपण शिकवितो काय? बहुतेक वर्गांत या विषयाची बोळवण 'सोलापूर चादरींसाठी प्रसिद्ध आहे' या एका वाक्यात होते. शिक्षक असताना मीही या उत्तरास वर्षानुवर्षे पूर्ण गुण दिले आहेत. तीच चादर रोज रात्री पांघरणाऱ्या मुलाने तिच्याकडे एकदा तरी निरखून पाहिले आहे की नाही, हे विचारण्याचे मात्र मला सुचले नाही.

काही वर्षांपूर्वी शहरालगतच्या एका गावी चौथीचा पाठ पाहण्याचा योग आला. बाईंनी परिश्रमपूर्वक माहिती सांगितली. सोलापुरी विणकाम नावारूपास आणण्यात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा वाटा मोठा आहे, आणि चादरीवर नक्षी उठविणारे जकार्ड हे साधन मूळ फ्रान्समधील आहे, असे त्या म्हणाल्या. तोच एका मुलीने विचारले, "बाई, माणसं तिकडची, यंत्रही तिकडचं; मग चादर आपली कशी?" वर्ग हसला. बाई गोंधळल्या, आणि मागे बसलेल्या मलाही चटकन उत्तर सुचले नाही. एक मुलगा तेवढा हसला नव्हता. त्याच्या घरी तेलुगू बोलली जाते व वडील यंत्रमागावर कामास आहेत, हे मला नंतर कळले. त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यावे म्हणून हा पाठ तयार केला आहे.

पाठाचे हेतू

१. परिचयाच्या वस्तूचे निरीक्षण करून ती कशी तयार होते हे मुलांनी समजून घ्यावे.
२. वस्तूमागील माणसांच्या श्रमांची व कौशल्याची जाणीव त्यांना व्हावी.
३. 'आपले' या शब्दाचा अर्थ मुलांनी स्वतः विचार करून ठरवावा.

पूर्वतयारी

घरात असलेली एखादी चादर, जुनी असल्यास अधिक चांगले. छापील नक्षीच्या कापडाचा तुकडा. सुताचे धागे, फूटपट्टी, भिंग, चौकटीचा कागद. थोडी शेंगांची चटणी, एक कडक भाकरी व कोऱ्या कागदाचे तुकडे. यांपैकी कशासाठीही मुलांना खर्च पडू देऊ नये.

पहिला तास : चादर

चादर वर्गाच्या मध्यभागी पसरावी व मुलांना भोवती बसवावे. प्रथम काहीही सांगू नये. पाहू द्यावे, हात लावू द्यावा. नंतर चादर उलटावी. सुलट बाजूस लाल दिसणारा मोर उलट बाजूस पांढरा आणि भोवतालची पांढरी जमीन लाल झाल्याचे मुलांच्या ध्यानात येईल. रंग निराळे असले तरी ही अदलाबदल बहुतेक नक्षीदार चादरींत आढळते. आता छापील कापड उलटून दाखवावे. तेथे रंग केवळ फिकट दिसतो. येथून मुले आपण होऊनच या निष्कर्षास येतात की चादरीवरील मोर वरून चढविलेला नसून धाग्यांतूनच घडलेला आहे.

यानंतर ताणा म्हणजे उभे धागे व बाणा म्हणजे आडवे धागे हे शब्द द्यावेत. एका इंचात उभे किती व आडवे किती हे भिंगाखाली मोजवून घ्यावे, आणि त्यावरून संपूर्ण चादरीतील धाग्यांची संख्या काढण्यास सांगावे. गुणाकाराचे इतके सजीव उदाहरण पुस्तकात सापडणे कठीण.

जकार्डचे तत्त्व चौथीच्या मुलांना सहज समजते. फ्रान्समधील लिआँ शहरीच्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पूर्णतेस नेली. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर छिद्रे असतात. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. बाण्याच्या एका फेरीस एक पट्टी, अशा पट्ट्यांची माळ फिरत राहते व मोर उमटत जातो. मुलांना चौकटीच्या कागदावर फूल किंवा पक्षी काढावयास सांगावा व भरलेली चौकट म्हणजे 'छिद्र' असे मानून एकेक ओळ मोठ्याने वाचावयास लावावी. छिद्रांच्या पट्ट्यांची हीच कल्पना पुढे इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, हे सांगण्यास विसरू नये. आजच्या संगणकाच्या पूर्वजांत विणकराचा माग आहे, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात.

वर सांगितलेल्या शाळेत पुढील आठवड्यात जाऊन मी हा पाठ स्वतः घेतला. सुताचा एक धागा तोडून मी विचारले, "मागावर धागा तुटला तर विणकर तो कसा जोडतो?" मुलांनी निरनिराळ्या गाठी मारून पाहिल्या, त्या जाड झाल्या वा सुटल्या. तेव्हा न हसलेला तो मुलगा उठला. त्याने दोन बोटांत धागे धरले आणि पापणी लवते न लवते तोच बारीक, चपटी गाठ मारून दाखविली. ती ओढूनही सुटेना. पुढील पंधरा मिनिटे वर्गाचा शिक्षक तोच होता. त्याच्यापाशी ती गाठ प्रथम शिकली ती प्रश्न विचारणारी मुलगी.

दुसरा तास : चटणी आणि भाकरी

शेंगांची चटणी नुसती वाटून होत नाही. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे व मीठ उखळात कांडीत राहिले म्हणजे दाण्यांतील तेल सुटते व चटणीस तिचा ओलसर गोळीबंदपणा येतो. चटणीचा लहानसा गोळा कागदावर दाबून तो कागद उजेडाकडे धरावा. पडलेल्या डागातून उजेड पार दिसतो. पाण्याचा थेंब दुसऱ्या कागदावर टाकावा. त्याचा डाग वाळून नाहीसा होतो, तेलाचा राहतो. ही स्निग्ध पदार्थाची परीक्षा होय.

मग विचारावे : दूरच्या पाहुण्यास हिरव्या मिरचीचा ओला ठेचा न देता ही चटणीच का देतात? ज्वारीची वा बाजरीची पातळ भाकरी कडक वाळवून का बांधतात? ओलावा गेला की पदार्थ लवकर नासत नाही, हे उत्तर मुले आपल्या आईच्या स्वयंपाकघरातूनच आणतील.

भाकरीवरून मंगळवेढ्याकडे वळावे. तेथील काळी, खोल जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. दुष्काळात दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी कोठारे खुली केली, ही परंपरेने चालत आलेली कथा याच मंगळवेढ्याची. पाहुण्यास धान्य देणाऱ्या भूमीची ओळख मुलांना यापरती कोणत्या गोष्टीने होईल?

येथे एक गोष्ट अवश्य सांगावी. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील, आणि मिरचीही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आली. म्हणजे चटणीतील दोन मुख्य जिन्नस सातासमुद्रापलीकडचे! तरीही ही चटणी सोलापूरची नव्हे, असे वर्गात कोणी म्हणणार नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मुलांच्या हाती लागते. जे येथे प्रथम जन्मले तेवढेच आपले, असे नाही. येथील हातांनी जे शिकून घेतले, पिढ्यान्‌पिढ्या घासून चोख केले, ते आपले. आणि ज्या हातांनी ते केले, ते हातही आपलेच.

तिसरा तास : नाव आणि नावाची राखण

सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. त्या काळच्या मोठ्या गिरण्या आज बंद पडल्या आहेत. चादरी व टॉवेल विणले जातात ते मुख्यतः यंत्रमागांवर. सोलापूरचे नाव लावून अन्यत्र तयार झालेला मालही बाजारात विकला जातो. अशा फसवणुकीस आळा बसावा म्हणून भारतात १९९९ साली भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला व २००३ पासून तो अमलात आला. दार्जिलिंगचा चहा हे त्याखालील पहिले नाव. सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५ साली, तर मंगळवेढ्याची ज्वारी व सोलापूरचे डाळिंब यांना २०१६ साली हे मानांकन मिळाले. ते एका व्यापाऱ्याचे नसून त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे असते, आणि दर दहा वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

मात्र केवळ कायद्याने नाव राखले जात नाही. ग्राहक जाणता नसेल तर स्वस्त नक्कलच खपते व तिच्यामुळे विणकराच्या मजुरीवर गदा येते. चादर उलटून पाहणारे मूल उद्याचा जाणता ग्राहक आहे.

काही सूचना

यंत्रमागाचा कारखाना दाखविण्यास न्यावयाचे झाल्यास मालकाची व पालकांची संमती घ्यावी, मुलांना फिरत्या पट्ट्यांपासून दूर उभे करावे. तेथील कर्णकटू आवाज व उडणारे तंतू यांत कामगार दिवसभर कसा उभा राहतो, हे मुलांना पाहू द्यावे. कौतुकाच्या भरात कष्ट झाकू नयेत. कोणत्याही दुकानाची शिफारस करू नये. ज्यांच्या घरी तेलुगू, कन्नड वा अन्य भाषा बोलली जाते अशा मुलांकडून विणकामाचे व स्वयंपाकाचे शब्द मागून घ्यावेत व फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावेत.

स्वाध्याय

१. आपल्या गावातून पाहुण्यास देण्याजोगी एक वस्तू निवडा. ती कोण करते, कशापासून करते व किती दिवस टिकते हे त्या व्यक्तीला विचारून लिहा.
२. एका चादरीच्या किमतीत सूत, रंग, मजुरी, वाहतूक व दुकानदार यांचे वाटे कोणकोणते असतील? वडीलधाऱ्यांशी बोलून यादी करा.
३. सोलापूर कधीही न पाहिलेल्या मित्राला, चादरीसोबत पाठविण्यासाठी दहा ओळींचे पत्र लिहा.

तिसऱ्या स्वाध्यायात त्या मुलीने लिहिलेले पत्र मी पाहिले. चादरीच्या कोपऱ्यात एक बारीक गाठ आहे, ती शोधून पाहा, असे तिने मित्रास कळविले होते; आणि ती गाठ कशी मारतात हे आपल्या वर्गातील एका मुलाला येते, असेही अभिमानाने नमूद केले होते. तिला मी पूर्ण गुण दिले.