भिंतीवरचा चौक बाजारात गेला तेव्हा

"आपल्या पाड्यातही चित्रांचा वर्ग काढू या का?" असा प्रश्न कार्यकर्ते मला अभ्यासवर्गात नेहमी विचारतात. गरीब वस्तीत कलेला चालना दिली की रोजगार मिळतो आणि वस्तीचे रूप पालटते, असे आपण ऐकतो. हे कितपत खरे, ते पाहण्यासाठी डहाणू भागातील वारली चित्रांचे उदाहरण मी येथे घेते.

मूळची रीत अशी. घरात लग्न असले की सवासिनी आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. चौकाच्या मधोमध पालघाट देवी असते. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. हे चित्र विकायचे नव्हते, आणि त्यावर कोणाचे नावही नसे.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले आणि चित्रे भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी शेती, मासेमारी, तारपा नाच असे सारे जगणे चित्रांत आणले. त्यांची चित्रे परदेशात पोचली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

याचा लाभ नाकारता येत नाही. पुष्कळ घरांना शेतीच्या जोडीला मिळकत झाली. "वारली" हे नाव मानाने घेतले जाऊ लागले. ज्या समाजाने सावकार आणि जमीनदारांची वेठ सोसली, त्याला हा मान लहान नाही.

पण दुसरी बाजूही पाहू. जे काम बायकांच्या हातचे होते, ते बाजारात गेल्यावर बहुतेक पुरुषांच्या नावावर झाले. शिवाय तीच आकृती साडीवर, कपावर, शहरातल्या भिंतीवर कोणीही छापतो, आणि त्यातला पैसा पाड्यात येतोच असे नाही.

2014 साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. ते उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. हा कायदा नावाला संरक्षण देतो, शैलीला नाही. वारलीचे नाव न घेता कोणी तशी आकृती छापली, तर या कायद्याने त्याला अडवणे कठीण. ज्या कलाकाराला या नोंदणीचा आधार हवा, त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. नोंदणीचे 10 वर्षांनी नूतनीकरणही करावे लागते. पाड्यातल्या बाईला ही कागदपत्रे कोण करून देणार? आपले काम येथेच आहे.

म्हणून माझे उत्तर असे: वर्ग जरूर काढा, पण रंग आणण्याआधी पाड्यात बसून तीन प्रश्न विचारा.

1. चित्र विकल्यावर पैसा कोणाच्या हातात पडणार?
2. चित्राखाली नाव कोणाचे येणार? ते बाईचे असेल का?
3. काय विकायचे आणि काय देवापुढेच ठेवायचे, हे कोण ठरवणार?

तिन्ही उत्तरे पाड्यातून आली, तर कला वस्तीला उभे करील. ती बाहेरून आली, तर वस्तीची शोभा वाढेल, पण चूल तशीच राहील.