फळ्यापर्यंतचे अंतर : छात्राध्यापक आणि वर्गातील तंत्रज्ञान

दरवर्षी पहिले सत्र मध्यावर आले की आपल्या निवासी शाळेत बी.एड.चे छात्राध्यापक आंतरवासितेसाठी दाखल होतात. माजी विद्यार्थ्यांना 'पाठ घ्यायला आलेले सर' आणि 'मॅडम' आठवत असतील. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाचा काळ वीस आठवड्यांचा ठरला. त्याच आराखड्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची 'चिकित्सक समज' असा एक भाग समाविष्ट आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यातला 'चिकित्सक' हा शब्द फार मोलाचा वाटतो. व्यवहारात मात्र नेमका तोच गळून पडतो आणि उरते ती स्लाइडींची मालिका.

यंदा माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आलेली छात्राध्यापिका शेतमजूर कुटुंबातील, घरातली पहिली पदवीधर. पहिल्या पाठासाठी तिने सहावीचा प्राचीन व्यापार हा घटक निवडला आणि उदाहरण घेतले आपल्या जिल्ह्यातील तेरचे. प्राचीन तगर नगराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. तेथून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे, हेही त्यात नोंदवले आहे. तिने बत्तीस स्लाइडी तयार केल्या होत्या. उपग्रहाने टिपलेला नकाशा होता, बाणांनी दाखवलेला व्यापारी मार्ग होता, रोमन नाण्यांची चित्रे होती, पार्श्वसंगीतही होते. मुले टाचणी पडल्याचा आवाज यावा इतकी शांत. मी निरीक्षण वहीत 'उत्कृष्ट' असा शेरा लिहिला.

जेवणाच्या रांगेत सहावीतल्या एका मुलीने मला हळूच विचारले, "सर, माझी मावशी तेरला राहते. ते तेर आणि मॅडमनी दाखवलेलं तेर एकच का?"

शेरा मला खोडावा लागला. जे गाव शाळेपासून तासाभराच्या अंतरावर आहे, ज्या गावाच्या एसटीत ती दिवाळीला बसते, ते पडद्यावर येताच परदेशी झाले होते. चित्र स्पष्ट होते, ओळख मात्र हरवली होती. दोष त्या मुलीचा नव्हता. छात्राध्यापिकेचा तर अजिबात नव्हता, कारण तिला जे शिकवले गेले ते तिने प्रामाणिकपणे केले. साधन कसे चालवायचे हे तिला ठाऊक होते. ते कोणासाठी, कोणत्या क्षणी चालवायचे आणि केव्हा बंद करायचे, हे शिकायचे राहिले होते. हे तिलाच लागू होते असेही नाही.

आमच्या पिढीच्या प्रशिक्षणात 'शैक्षणिक साधने' म्हणजे तक्ते, प्रतिकृती, खादी फलक. महाविद्यालयात एक ओव्हरहेड प्रोजेक्टर होता, तो कपाटात कुलूपबंद असे आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर निघे. सूक्ष्म अध्यापनात सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटांचे प्रत्याभरण, बारा मिनिटांचे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र आम्ही घोटले. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरात पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरत होत्या. अशाच एका शेडमध्ये माझा एक सराव पाठ झाला. पत्र्याला खिळा ठोकता येईना, तक्ता लावायचा कसा? शेवटी दोन मुलांनी तो हातात धरला आणि पाठभर ती दोघेच नकाशावरील गावे वाचून दाखवत राहिली. त्या पाठाला मला गुण बेताचेच पडले. आज वाटते, माझ्या सराव पाठांपैकी तोच खरा झाला असावा.

तंत्रज्ञानाने शिक्षक घडवण्याचा प्रयोग आपल्या शेजारी फार पूर्वी झाला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवले गेले. उमरग्याच्या सीमेपलीकडचा गुलबर्गा जिल्हा त्यात होता. शाळांसाठी सकाळचे प्रक्षेपण असे आणि सुटीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षणही याच मार्गाने दिले गेले. तो उपग्रह अमेरिकेकडून वर्षभरासाठी घेतलेला होता. मुदत संपताच तो गेला. उसनवारीच्या साधनाची ही मर्यादा २०१८ साली 'आकांक्षित' ठरलेल्या आपल्या जिल्ह्याने ध्यानात ठेवायला हवी. लोकवर्गणीतून प्रक्षेपक घेताना त्याच्या दिव्याचा, दुरुस्तीचा आणि विजेच्या बिलाचा खर्च कोण करणार, हे आधी विचारलेले बरे. उद्घाटनाच्या फोटोत हा प्रश्न दिसत नाही.

या विषयातले सर्वांत जवळचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे. रणजितसिंह डिसले यांनी अभियांत्रिकीचा मार्ग सोडून अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला आणि २००९मध्ये ते परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देण्याच्या त्यांच्या कामाची जगाने दखल घेतली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी कोडबद्दल भरभरून लिहिले. माझ्या छात्राध्यापिकेला मी त्याआधीच्या पायरीकडे पाहायला सांगितले. त्या वर्गातील मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक मुलांच्या भाषेत नव्हते. डिसले यांनी आधी तो मजकूर मुलांच्या भाषेत आणला, मग त्याला कोड जोडला. क्रम हा असा आहे. आपल्याकडे तांड्यावरून येणाऱ्या मुलांची गोरमाटी भाषा कितीजणांच्या पाठटाचणात असते?

कोडचे कार्यही पालकांनी समजून घ्यावे, कारण त्याविषयी गैरसमज बरेच आहेत. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकटींवरून कॅमेऱ्याला कोड कुठे आणि कोणत्या बाजूने आहे ते कळते. उरलेल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत मजकूर असतो. कोड कसा बनवला आहे त्यानुसार काही भाग फाटला, मळला तरी तो वाचता येतो. मात्र पुस्तकावरच्या कोडमध्ये धडा साठवलेला नसतो, धड्याचा पत्ता असतो. पत्त्यावर पोहोचायला इंटरनेट हवे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावरचे साहित्य आधी उतरवून ठेवता येते. म्हणून छात्राध्यापकाने आदल्या रात्री, रेंज असलेल्या ठिकाणी बसून ते उतरवून ठेवावे. वर्गात गोल फिरणारे चक्र पाहण्यात पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली दहा मिनिटे गेलेली मी पाहिली आहेत.

येथे माझी एक चूक नोंदवणे प्राप्त आहे. मार्च २०२०मध्ये वसतिगृह रिकामे झाले आणि आम्ही व्हॉट्सॲपवर वर्ग भरवू लागलो. मी नेमाने प्रश्नपत्रिका पाठवत असे आणि उत्तर न देणाऱ्यांच्या नावापुढे 'अनियमित' लिहीत असे. शाळा पुन्हा भरल्यावर त्यातल्या एका मुलाने सांगितले की घरातला एकमेव फोन वडिलांसोबत उसाच्या फडावर जात असे. तो रात्री परत येई, तेव्हा डेटा संपलेला असे. हे मला एका फोनने विचारता आले असते. मी विचारले नाही.

या संदर्भात बाबासाहेबांच्या शालेय जीवनातील एक प्रसंग मी छात्राध्यापिकेला सांगितला. चरित्रकार धनंजय कीर यांनी तो नोंदवला आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुले ते उचलायला धावली. फळा हे त्या काळचे वर्गातले तंत्रज्ञान होते. ते सर्वांसमोर होते, पण त्याच्याजवळ जाण्याचा हक्क सर्वांना नव्हता. आज डबे कोणी उचलत नाही. तरीही संगणक कक्षात बसून पाहा : माऊस कोणाच्या हातात आहे आणि मागे उभे राहून फक्त पाहणारे कोण आहेत? बहुधा मुलगा चालवतो, मुलगी पाहते. शहरात शिकून आलेला चालवतो, तांड्यावरचा पाहतो. मला तरी छात्राध्यापकाच्या निरीक्षण वहीत सर्वांत आधी हा रकाना हवा आहे.

दुसऱ्या पाठाला तिने एकच नकाशा ठेवला. ज्यांनी आजवर लॅपटॉपला हात लावलेला नाही त्यांनीच माऊस धरायचा, असा नियम केला. पहिली आली ती मावशीवाली मुलगी. तिने आधी आपली शाळा शोधली, मग तेर, मग पैठण. पैठणपासून तगर दहा दिवसांच्या वाटेवर, पूर्वेला आहे, असे पेरिप्लस सांगतो. मुलांनी अंतर मोजले. सरळ रेषेत ते सुमारे दीडशे किलोमीटर भरले. म्हणजे दिवसाला पंधरा. ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा म्हणाला, "बैलगाडी दिवसाला सहा-सात कोस चालते, सर. रस्ता वाकडा असतो ना." हिशेब जुळला. मग मागच्या बाकावरून शंका आली, "पण तेर पूर्वेला कुठंय? हे तर खाली, आग्नेयेला आहे." छात्राध्यापिका गोंधळली आणि मी मनोमन सुखावलो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाची दिशा सहावीच्या मुलाने तपासली होती. तगर म्हणजे तेर हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१मध्ये मांडण्याआधी विद्वान ते दौलताबाद, जुन्नर अशा ठिकाणी शोधत होते, हे मी तेव्हा सांगितले. मुलांना त्याचे फार हसू आले.

वीस मिनिटांनी वीज गेली. उरलेला मार्ग मुलांनी फरशीवर खडूने काढला.

पुढच्या आठवड्यात तिने तिसऱ्या पाठाचे टाचण माझ्यापुढे ठेवले. विषय होता तेरचे त्रिविक्रम मंदिर. त्याची विटांची चापाकार वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. त्याशिवाय लामतुरे वस्तुसंग्रहालयातील वस्तूंचाही पाठात समावेश होता. स्लाइडींची संख्या सहा होती. 'शैक्षणिक साधने' या रकान्यात तिने नीट अक्षरात लिहिले होते : प्रक्षेपक, खडू, दोरा, आणि पांढरीच्या टेकाडाजवळ राहणारी एका विद्यार्थिनीची मावशी.