देहाशी सख्य

पूजेस बसलेला मनुष्य मूर्तीवर पहिले फूल वाहण्यापूर्वी काय करतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असते; त्याचा अर्थ विचारणारे मात्र थोडे. आचमन, प्राणायाम आणि संकल्प झाल्यावर न्यास करण्याचा प्रघात अनेक पूजाविधींत आहे. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटे व तळहात यांना क्रमाने स्पर्श करावयाचा, तो करन्यास. पुढे हृदय, मस्तक, शिखा, भुजा, नेत्र यांना स्पर्श करून अखेरीस टाळी वाजवावयाची, तो षडंगन्यास. न्यास म्हणजे ठेवणे. मंत्र आपल्या देहाच्या त्या त्या स्थानी ठेवावयाचा. याचा सरळ अर्थ असा की, देवाच्या पूजेस आरंभ होण्यापूर्वी पूजकाचा स्वतःचा देह हे एक पवित्र स्थान मानले जाते.

या विधीत कोणत्याही देहाला वगळलेले नाही. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या वृद्धाने त्याच बोटांवर न्यास करावा आणि काळ्यासावळ्याने त्याच भुजांना स्पर्श करावा. बोट वाकडे म्हणून मंत्र बसत नाही, असे कोणी म्हटलेले नाही.

आता घरातील व्यवहार पाहा. आपल्या बहुतेक घरांत गणपतीच्या बारा नावांचे संकटनाशन स्तोत्र म्हटले जाते. त्यातील नावांचा अर्थ मनात आणावा. वाकड्या सोंडेचा, एकच दात असलेला, मोठ्या पोटाचा, धुरकट वर्णाचा! ही सारी देहाचीच वर्णने असून ती आपण हात जोडून, गौरवाने उच्चारतो. आणि स्तोत्र संपताच त्याच घरात, त्याच मुखाने, एखाद्या लठ्ठ मुलास ‘ढेरपोट्या’ व कृश मुलास ‘काडीपैलवान’ म्हणून हाक मारली जाते. मुलीच्या रंगाविषयी तर ती समोर बसलेली असतानाच चर्चा चालते. बोलणारा ते विसरतो. ऐकणारा विसरत नाही. तो पुढे आरशासमोर उभा राहून तेच शब्द स्वतःशी बोलू लागतो. देहाची निंदा करण्यास मग दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही.

येथे कोणी शंका घेईल की, देह नाशवंत आहे, त्याचा लोभ धरू नये, असेच तर संतांनी सांगितले. मग त्याचे कौतुक कशासाठी? शंका योग्य आहे. परंतु ते वैराग्याचे बोल हे देहाच्या गर्वावरील औषध आहे आणि औषध रोग पाहून द्यावयाचे असते. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी जन्मदुःखाचे कठोर वर्णन केले हे खरे, पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या दशकाचा दहावा समास त्यांनी नरदेहाच्या स्तवनासाठी दिला आहे. स्तवन आधी आले, वैराग्य नंतर. शिवाय विचार केला असता असे दिसेल की, ‘मी किती सुंदर’ म्हणणारा व ‘मी किती कुरूप’ म्हणून झुरणारा, हे दोघेही दिवसभर आरशातच गुंतलेले असतात. देहाभिमान दोघांचाही सुटलेला नाही. देहाचा स्नेहाने स्वीकार करणारा मात्र आरसा ठेवून आपल्या कामास लागतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी शास्त्राने न सांगितलेली घोर तपे करून शरीराला पीडा देणाऱ्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. कारण अशी माणसे शरीरात वसणाऱ्या खुद्द भगवंतालाच कष्ट देतात. सहाव्या अध्यायात तर स्पष्ट सांगितले आहे की, अति खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. देहाचा छळ म्हणजे धर्म, ही समजूत गीतेला मान्य नाही.

महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला, याचे कारण काय? गर्भात असतानाच त्याने पित्याच्या अध्ययनातील दोष दाखविला आणि क्रुद्ध पित्याने त्यास शाप दिला. म्हणजे त्या बालकाच्या देहात वक्रता आली ती घरातल्याच वडील माणसाच्या शब्दामुळे. पुढे हाच बालक जनकाच्या सभेत गेला. द्वारपालाने त्यास लहान म्हणून अडविले, तेव्हा केस पिकल्याने कोणी वृद्ध ठरत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. त्याने बंदी नामक पंडितास वादात जिंकले आणि ज्या पित्याने शाप दिला होता, त्यालाच सोडवून आणले. त्यानंतर समंगा नदीत स्नान केल्यावर त्याची अंगे सरळ झाली. क्रम लक्षात घ्यावा. आधी सभेने मान दिला तो वाकड्या देहाच्या अष्टावक्राला. अंगे सरळ झाली ती नंतर. ‘बारीक झाल्यावर समारंभास जाईन’, ‘डाग गेल्यावर लोकांत मिसळेन’ असे म्हणत आयुष्य पुढे ढकलणाऱ्यांसाठी ही कथा आहे.

वर्णाविषयी व डागांविषयी आजचे शास्त्र काय सांगते, तेही जाणून घ्यावे. त्वचेला रंग देणारे द्रव्य ज्या पेशी निर्माण करतात, त्यांची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो त्या द्रव्याच्या प्रमाणाचा व प्रकाराचा. हे द्रव्य उन्हाच्या दाहापासून त्वचेचे रक्षण करते. काळा वर्ण हा दोष नसून एक कवच आहे. ज्यास आपण ‘कोड’ म्हणतो, त्यात या पेशी काही ठिकाणी नष्ट होतात, एवढेच घडते. ते स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही आणि ते कोणत्याही पापाचे फळ नाही. असे असता प्रसादाच्या पंक्तीत ज्याच्या अंगावर डाग आहेत तो मनुष्य अजूनही आपण होऊन कडेची जागा शोधतो. ती जागा त्याला शास्त्राने दिलेली नाही. आपल्या नजरेने दिली आहे.

आता दुसरी बाजू पाहू. देहाचा स्वीकार म्हणजे देहाची उपेक्षा नव्हे. मित्र आजारी पडला असता ‘तू आहेस तसाच छान’ म्हणून आपण त्याला वैद्याकडे नेण्याचे टाळत नाही. स्वीकारातून सेवा उत्पन्न व्हावयास हवी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्यांना अडवू नये असे तेरा वेग सांगितले आहेत. त्यांत मलमूत्राबरोबर भूक, तहान, निद्रा आणि अश्रू यांचीही गणना आहे. आपल्या घरांतील स्त्रियांकडे पाहावे. उत्सवाच्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाकघरात उभे राहावयाचे, सर्वांच्या पंक्ती उठल्यावर जेवावयाचे, बाहेर सोय नाही म्हणून पाणी पिण्याचे टाळावयाचे आणि मूत्राचा वेग तासन् तास अडवून धरावयाचा. याला आपण सोशिकपणा म्हणून गौरवितो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र पाणी कमी पिणे आणि वेग रोखणे यांमुळे मूत्रमार्गाचे विकार होण्याचा संभव वाढतो. तेरा वेगांत अश्रूही आहेत, हे पुरुषांनी विशेष ध्यानात ठेवावे.

देवाच्या देहाची आपण किती काळजी घेतो! पंढरपुरास आषाढी वारीच्या काळात विठ्ठलाचा पलंग काढलेला असतो व देव रात्रंदिवस भक्तांना दर्शन देत उभा असतो. वारी आटोपल्यावर प्रक्षाळपूजा होते. ऊन पाण्याने स्नान घालतात, श्रमपरिहारासाठी काढा दाखवितात आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. देवही थकतो, त्यालाही विश्रांती हवी, हे ज्या समाजाला सुचले, त्या समाजाने घरातील थकलेल्या आईला दुपारी घटकाभर आडवे होण्याची लाज वाटावी अशी स्थिती का ठेवावी? उत्सवानंतर प्रत्येक घरात माणसांचीही एक प्रक्षाळपूजा व्हावी, असे सुचवावेसे वाटते.

नित्य आचरणासाठी पुढील पाच गोष्टी सांगतो. त्या सोप्या आहेत. परंतु सवय लागण्यास काळ लागेल.

१. स्नान घाईने उरकू नये. ज्या हाताने देवास स्नान घालतो, त्याच मृदुतेने आपल्या अंगास पाणी लावावे. हे पाय इतकी वर्षे आपला भार वाहत आहेत, हे हृदय विश्रांतीच्या गतीनेही दिवसाकाठी सुमारे १ लक्ष वेळा स्पंदन पावते, याचे स्मरण करावे.

२. मनात स्वतःच्या देहाविषयी कठोर शब्द आला, तर हाच शब्द मी आपल्या लहान भावंडास ऐकवीन काय, असे विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो स्वतःसही ऐकवू नये.

३. कोणाच्याही देहावरून, विशेषतः मुलामुलींच्या, विनोद करू नये. ‘वाळलीस’, ‘सुटलास’ याऐवजी ‘बरी आहेस ना?’ एवढे विचारावे.

४. व्यायाम हा कालच्या जेवणाची शिक्षा म्हणून करू नये. उद्याच्या कामाची तयारी म्हणून करावा. उपवासाचेही तेच. गरोदर स्त्रिया आणि मधुमेहाचे औषध अथवा इन्सुलिन घेणारे यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून उपवास धरू नये. फराळ केल्याने त्यांची भक्ती उणी होत नाही.

५. ज्यास मांडी घालून बसवत नाही, त्याने कीर्तनात निःसंकोच खुर्ची मागावी आणि मागण्यापूर्वीच ती देणे हे तरुणांचे काम समजावे.

जर एखाद्याच्या मनात देहाविषयीची घृणा इतकी वाढली असेल की तो जेवण टाकतो, लोकांस टाळतो किंवा स्वतःस इजा करू पाहतो, तर ती केवळ उपदेशाने सुटणारी गाठ नव्हे. घरच्यांनी त्यास दोष न देता त्वरित मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. ज्वर आल्यावर वैद्याकडे जाण्याची आपल्याला लाज वाटत नाही, तशी येथेही वाटू नये.

नवविधा भक्तीत आठवी भक्ती सख्याची आहे. देवाशी सख्य करावयाचे, तर ज्या घरात तो राहतो त्या घराशी वैर धरून कसे चालेल? उद्या सकाळी पूजेस बसाल, तेव्हा न्यासाच्या वेळी हात जरा सावकाश फिरवावा. जे अंग आपणास आवडत नाही, त्यावर तो क्षणभर अधिक ठेवावा.